मुलांच्या ताटातलं अंडं परत द्या : नागपूरहून एक खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या शालेय पोषण आहाराबद्दल निर्णय घेणारे सर्व लोकप्रतिनिधी आणि अधिकारी

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरजवळच्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. राहते शहरात, शाळा शहराबाहेर, कारखान्यांच्या पट्ट्यापलीकडच्या गावात. आमची बहुतेक मुलं शेतमजुरांची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची आणि कंपनीत रोजंदारीवर जाणाऱ्यांची आहेत. पुष्कळ घरांतली आई उजाडताच कामाला निघते. मूल चहा-टोस्ट खाऊन येतं, नाहीतर तसंच येतं. परिपाठ संपला की "मॅडम, आज काय हाये जेवाले?" हा प्रश्न ठरलेला. फळ्यावर मी काय लिहिलंय यापेक्षा किचन शेडमधून कसला वास येतोय याकडे त्यांचं लक्ष असतं आणि त्यात त्यांचा काहीही दोष नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने ठरवलं की शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडं मिळेल आणि जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ मिळेल. जानेवारी २०२५ मध्ये नवा शासन निर्णय आला. अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबला. अंडा पुलाव, खीर, नाचणी सत्त्व असं काही द्यायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने ते लोकसहभागातून करावं, असं सांगण्यात आलं. तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही चरफडलो आणि कामाला लागलो. नंतरच्या उन्हाळ्यात मी परदेशातली एक शाळा पाहून आले. त्यानंतर मात्र गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

माझी भाची आणि जावई नोकरीसाठी जपानमध्ये ओसाकाच्या बाजूला असतात. त्यांची मुलगी तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत आहे. त्यांचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे शाळा भरलेल्या असतात. भाचीने शाळेकडे रीतसर परवानगी मागितली आणि मला सकाळपासून जेवण होईपर्यंत वर्गात बसायला मिळालं. कुठल्याही सरकारी अभ्यासदौऱ्यात मी गेले नव्हते. खर्च घरचा होता. जाताना डोक्यात होतं की गणित कसं शिकवतात ते पाहावं. तेही पाहिलं आणि आवडलं. पण मला सांगायचंय ते दुपारच्या जेवणाबद्दल.

बाराच्या पुढे वर्गातल्या पाळीच्या मुलांनी पांढरे डगले घातले, डोक्याला टोप्या, तोंडाला मास्क. हात धुऊन ती स्वयंपाकघराकडे गेली आणि स्टीलची झाकणबंद भांडी ढकलगाडीवर घालून वर्गात घेऊन आली. बाकीच्यांनी तोवर बाकं एकमेकांना जोडून ठेवली. नऊएक वर्षांची एक मुलगी डावाने सूप वाढत होती. एका वाटीत नुसतंच पाणी गेल्यासारखं तिला वाटलं. तिने डाव भांड्याच्या तळापर्यंत घातला, टोफूच्या दोन फोडी शोधून काढल्या, त्या वाटीत सोडल्या आणि मगच वाटी पुढे सरकवली. भात, मासा, शिजवलेली पालेभाजी, सूप, २०० मिलिलिटर दूध आणि एक फळ असं ताट होतं. वर्गशिक्षकांचं ताटही मुलांनीच वाढलं आणि ते मुलांच्याच गटात बसून जेवले. सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलला नाही. मग हात जोडून एका आवाजात आभाराचा शब्द म्हटला आणि जेवायला सुरुवात केली. ध्वनिक्षेपकावरून वरच्या वर्गातलं एक मूल आजची भाजी कुठून आली आहे ते सांगत होतं. भिंतीवर त्या दिवशीच्या जेवणाचा तक्ता होता, तीन रंगांचा. शरीर बांधणारे पदार्थ लाल रकान्यात, शक्ती देणारे पिवळ्यात, तब्येत राखणारे हिरव्यात. जेवता जेवता मुलं त्यावरून एकमेकांना प्रश्न विचारत होती. नंतरच्या साफसफाईबद्दल आपल्याकडे पुष्कळांनी लिहिलंय, मी पुन्हा लिहीत नाही.

तिथे मुलांच्या ताटात जेवण पडण्याआधी किमान अर्धा तास मुख्याध्यापक, किंवा ते नसतील तर त्यांनी नेमलेली व्यक्ती, तेच जेवण जेवून बघते आणि तशी नोंद करते. कच्च्या मालाचा आणि शिजलेल्या प्रत्येक पदार्थाचा सुमारे ५० ग्रॅमचा नमुना उणे २० अंशांखाली दोन आठवडे जपून ठेवतात. हे नियम कडक होण्यामागे मोठं दुःख आहे. जुलै १९९६ मध्ये याच ओसाका प्रांतातल्या सकाई शहरात शाळेच्या जेवणातून ओ-१५७ जिवाणूची लागण झाली. नऊ हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि तीन मुलं दगावली. देशाने तो धडा घेतला आणि देशभरातल्या शाळांची स्वयंपाकघरं नव्या नियमांखाली आणली.

जपानमधल्या शालेय जेवणाची सुरुवात १८८९ मध्ये झाल्याचं मानतात, यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी. एका बौद्ध मंदिरात चालणाऱ्या शाळेत गरीब मुलं डबा आणू शकत नव्हती, म्हणून त्यांना भाताचे गोळे, भाजलेला मासा आणि लोणचं फुकट देऊ लागले. भदंत सुरेई ससाई ज्या देशातून येऊन नागपूरचे झाले आणि ज्या देशाच्या मदतीने कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार उभं राहिलं, त्या देशाची ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. महायुद्धानंतर देश उपाशी असताना हे काम पुन्हा उभं राहिलं. १९५४ मध्ये शालेय जेवणाचा कायदा झाला. २००५ मध्ये अन्नशिक्षणाचा कायदा आला आणि त्याच वर्षापासून शाळांमध्ये पोषण शिक्षक हे पद सुरू झालं. ही व्यक्ती आहारतज्ज्ञ असते आणि शिक्षकही. ती जेवणाचा बेत ठरवते आणि वर्गात येऊन त्याबद्दल शिकवते. प्रत्येक शाळेला अशी स्वतंत्र व्यक्ती मिळते असं नाही, काही ठिकाणी एका व्यक्तीकडे दोन-तीन शाळा असतात. पण जेवणाची वेळ अभ्यासक्रमात धरलेली आहे.

तिथलं सगळंच उत्तम आहे असं मी म्हणत नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानमधले प्राथमिक शिक्षक आठवड्याला ५४ तासांहून अधिक काम करत असल्याचं दिसलं आणि ते दमलेले आहेत हे मीही पाहिलं. शिवाय तिथे वर्षानुवर्षं जेवणातल्या कच्च्या मालाचे पैसे पालकच भरत आले. प्राथमिक शाळेसाठी महिन्याला साधारण साडेचार-पाच हजार येन. गेल्या काही वर्षांत अनेक नगरपालिकांनी ते माफ केले. आपल्याकडे मात्र हे जेवण पहिल्यापासून मोफत आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क झाला. या बाबतीत आपण जपानच्या पुढे राहिलो. हे मी तिथल्या शिक्षकांना अभिमानाने सांगितलं. त्यांनी विचारलं, मग तुमच्या मुलांच्या ताटात काय असतं? खरं तेच सांगितलं.

आता माझी गाऱ्हाणी.

पहिलं पैशांचं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे एका दिवसाचा आहार खर्च मे २०२५ मध्ये ६ रुपये ७८ पैसे ठरला. तांदूळ वेगळा येतो, तो यात नाही. सरकारी निकषाप्रमाणे या रकमेत २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, तिखट-मीठ-मसाला आणि इंधन बसवायचं. तूरडाळ १३० रुपये किलो धरली तर डाळीचे झाले २ रुपये ६० पैसे. भाजी ४० रुपये किलोची घेतली तर २ रुपये. तेल १५० रुपये किलोने ७५ पैसे. उरले १ रुपया ४३ पैसे. त्यात गॅस, हळद, मोहरी, मीठ, तिखट. भाजी महागली की ती आधी पातळ होते आणि मग दिसेनाशी होते. पावसाळ्यात टोमॅटोचे भाव चढतात तेव्हा आमच्या खिचडीत टोमॅटो नसतो. मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं आपलाच नियम सांगतो. एकदाच ठरवून ठेवलेल्या रकमेतून ती रोज कशी मिळणार, हे कोणीतरी आमच्यासमोर शिजवून दाखवावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दुसरं गाऱ्हाणं अंड्याचं. २०२५ मध्ये दुकानात एक अंडं सहा-सात रुपयांना मिळत होतं, म्हणजे मुलाच्या अख्ख्या दिवसाच्या आहार खर्चाइतकं. ते लोकसहभागातून द्या म्हणता, तर आमच्या गावात लोक म्हणजे कोण? त्या मुलांचे आईबापच. शंभर मुलांसाठी दर आठवड्याला सहाशे-सातशे रुपयांची अंडी आम्ही कोणाकडे मागायची? शहरालगतच्या एखाद्या शाळेला देणगीदार भेटेल, तिथली मुलं अंडं खातील. भिवापूर किंवा कुहीकडच्या आडगावच्या शाळेला कोण भेटणार? ज्या गावाकडे देण्यासारखं सगळ्यात कमी, त्याच गावातल्या मुलांचं अंडं या निर्णयाने गेलं. तामिळनाडूत २०१० पासून शाळेच्या जेवणात आठवड्याला पाच अंडी मिळतात. ते राज्य आपल्याहून श्रीमंत आहे म्हणून हे घडलेलं नाही. मुख्यमंत्री कामराजांच्या काळापासून तिथे मुलांच्या जेवणाला कोणी हात लावायला धजत नाही.

अंडं मिळायचं त्या दिवशी आमच्या शाळेत हजेरी वेगळीच असायची. एक मुलगा आपलं अंडं अर्धं खाऊन अर्धं खिशात घालायचा. विचारलं तर म्हणाला, "बहिणीले नेतो, ते अंगणवाडीतबी जात नाही अजून." मी त्याला काही बोलले नाही. अंडी बंद झाल्यावर कित्येक आठवडे तो येऊन विचारायचा.

तिसरं गाऱ्हाणं आमच्या स्वयंपाकीण ताईंच्या वतीने. स्वयंपाकी तथा मदतनीस असं त्यांचं पदनाम. मानधन महिन्याला अडीच हजार रुपये, तेही वर्षातले दहा महिने आणि तेही वेळेवर नाही. यात केंद्राचं ठरलेलं मानधन हजार रुपये आहे आणि ते २००९ पासून हललेलं नाही. वरचं राज्याचं आहे. सकाळी नऊपासून तांदूळ निवडणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं, शेड धुणं, दोन वाजेपर्यंत त्या मोकळ्या होत नाहीत. शेतातल्या निंदणाला गेल्या तर याहून जास्त मिळेल. तरी येतात, कारण ही मुलं त्यांना ओळखतात आणि त्या मुलांना. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या वर असताना टिनाच्या शेडमध्ये गॅसपुढे उभं राहून दाखवा, असं मी कोणालाही आव्हान म्हणून सांगत नाही. पण मानधन ठरवणाऱ्याने एकदा तिथे उभं राहावं.

इंधन-भाजीपाल्याची रक्कम महिनोन्‌महिने येत नाही, तेव्हा मुख्याध्यापक किराणा दुकानात उधारी करतात किंवा स्वतःच्या खिशातून देतात. हे इतकं नेहमीचं झालंय की त्याबद्दल कोणी बोलतही नाही.

आणि आता लिखापढी. रोज किती मुलं जेवली ते ॲपवर भरायचं. त्याशिवाय साठा रजिस्टर, चव रजिस्टर, तांदळाचा हिशेब, पोत्यांचा हिशेब. नेटवर्क नसेल तर गच्चीवर जाऊन मोबाइल वर धरायचा. नोंदी ठेवायला माझी ना नाही, चोरी थांबायची असेल तर नोंद हवीच. पण पंगत बसलेली असते तेव्हा मी मोबाइलमध्ये असते आणि सर पावत्या लावत असतात. मुलांसोबत बसून जेवायचं, "भाजी का टाकली रे?" म्हणून विचारायचं, तिखट लागलं तर पाणी द्यायचं, हे कोणी करायचं? ओसाकाकडच्या त्या वर्गात शिक्षक जेवणाच्या वेळी फक्त जेवत होते आणि मुलांशी बोलत होते. त्यातूनच त्यांना कळत होतं की कोणाच्या घरी आज काहीतरी बिनसलंय.

सुरक्षेबद्दल एवढंच की २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात विषारी कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. त्यानंतर मध्यान्ह भोजनाचे २०१५ चे नियम आले. जेवण वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची, ती आम्ही घेतो. दर महिन्याला काही शाळा निवडून त्यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासायचे, असंही त्यात आहे. आमच्या शाळेतून असा नमुना गेल्याचं मला आठवत नाही. दिवसभराचा नमुना ठेवायला आमच्याकडे फ्रिजही नाही.

शेवटचं गाऱ्हाणं नागपूरकर म्हणून. ओसाकाकडच्या त्या शाळेत जवळच्या शेतातला माल मुद्दाम वापरतात आणि मुलांना शेताचं नाव सांगतात. माझ्या वर्गातली मुलं संत्र्याच्या देशात जन्मली. काटोल-नरखेडच्या बागा इथून तास-दीड तासावर. आंबिया बहाराचं फळ निघतं तेव्हा कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे ढीग लागतात आणि लहान आकाराच्या फळाला व्यापारी भाव देत नाही. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून बागायतदार आणखी अडचणीत आहेत. आणि शाळेच्या जेवणात संत्रं नाही. ते लहान फळ खायला काही वाईट नसतं, उलट सहा वर्षांच्या मुलाच्या हातात नीट मावतं. शासनाने ते थेट बागेतून घेतलं तर शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील आणि मुलाला फळ. यासाठी जपानला जायची गरज नव्हती. पण तिथल्या ताटात फळ पाहिलं आणि आमच्या मुलांची ताटं डोळ्यांसमोर आली.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

जानेवारी २०२५ चा निर्णय मागे घ्या. आठवड्यातून किमान दोन अंडी, न खाणाऱ्यांना फळ, आणि त्याचा पूर्ण निधी शासनाचा. लोकसहभागातून शाळेला घंटा मिळू दे, सणाला-वाढदिवसाला गावकऱ्यांकडून तिथीभोजन होऊ दे, पण मुलाचं रोजचं पोषण त्यावर सोडू नका.

आहार खर्चाचा दर बाजारभावाशी जोडा आणि इंधन-भाजीपाल्याची रक्कम महिना सुरू होण्याआधी शाळेच्या खात्यात जमा करा.

स्वयंपाकीण ताईंचं मानधन किमान वेतनाच्या हिशेबाने ठरवा, बारा महिने द्या आणि दरमहा ठरलेल्या तारखेला द्या. हे काम करणाऱ्या बहुतेक विधवा, परित्यक्ता, भूमिहीन घरातल्या बाया आहेत. त्या संपावर गेल्या तरी मुलांना उपाशी ठेवत नाहीत, याचा फायदा घेऊ नका.

प्रत्येक तालुक्याला एक आहारतज्ज्ञ नेमा. नागपुरात एलएडी महाविद्यालयातून आणि इतर संस्थांतून आहारशास्त्र, गृहविज्ञान शिकून दरवर्षी मुली बाहेर पडतात. त्यांना काम मिळेल आणि आमच्या पाककृती आमच्याकडच्या पिकांवरून ठरतील. ज्वारी, तूर, जवस, अंबाडी हे सगळं इथलंच आहे. हे काम शिक्षकाच्या माथी आणखी एक प्रशिक्षण म्हणून मारू नका.

वेळापत्रकात जेवणाचा तास शिकवण्याचा तास म्हणून धरा. त्या वेळात कुठलीही ऑनलाइन माहिती मागू नका. रजिस्टरं एकत्र करून एकच नोंदवही करा. हात धुवायला नळ, बसायला सावलीची जागा आणि नमुना ठेवायला फ्रिज प्रत्येक शाळेला द्या.

आणि नागपूर, अमरावती, वर्धा या जिल्ह्यांत बहाराच्या महिन्यांत संत्र्याची खरेदी शाळांसाठी थेट शेतकरी गटांकडून करा. एका तालुक्यापासून सुरू करा. पहिल्या वर्षी वाटपाचं काम मी आणि माझे सहकारी बिनमोबदला करू.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होतो, तुमच्यापैकी बरेच जण गावोगावच्या शाळांत येतात, मुलांना फुलं आणि पुस्तकं देतात. या वेळी जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा. मुलांच्या पंगतीत बसा आणि त्यांच्या ताटातलंच जेवा. त्यानंतर वरच्या प्रत्येक मागणीवर हो किंवा नाही आणि नाही असेल तर का, हे लेखी कळवा. हे पत्र मी पालकांच्या सभेत वाचून दाखवणार आहे. तुमचं उत्तर आलं की तेही तिथेच वाचून दाखवीन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
नागपूर